स्लॅबवरचं सोन्याचं पाणी

नांदेडच्या प्रयोगशाळेतला मोठा दिवा जळाला आणि माझं संशोधन लातूरला, आमच्या घराच्या स्लॅबवर येऊन पडलं. तो दिवा साधा नव्हता. उन्हाच्या जवळपास जाईल असा उजेड तो द्यायचा, तोही एकसारखा. ना ढग, ना वारा. माझं सगळं काम त्या उजेडावर चालायचं. एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा दिव्यातून बारीकसा आवाज निघून काच काळी पडली. मी आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम त्या काळ्या काचेकडे बघत उभ्या राहिलो.

मी लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लग्न, नोकरी, संसार सगळं मार्गी लागल्यावर पीएच.डी.चं खूळ डोक्यात शिरलं आणि दर शनिवारी नांदेडची बस धरायला लागले. विषय सांगायला सोपा होता, करायला नव्हता. पाण्यात एखाद्या धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळले आणि त्यावर उजेड पाडला, तर ते पाणी साध्या पाण्यापेक्षा लवकर उडून जातं का? जात असेल तर किती लवकर? आम्ही धातू घेतला होता सोनं. सोनं म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात, पण आमच्या बाटलीत असायचं ते जेमतेम चिमटीच्या टोकाएवढं. शिवाय सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही. पाण्यात ते डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. उजेडातला हिरवा भाग ते कण गिळून टाकतात आणि तांबडा जाऊ देतात, म्हणून तसं दिसतं. गिळलेल्या उजेडाची उष्णता होते आणि ती कणाच्या शेजारच्या पाण्याला मिळते. साध्या पाण्यातून ऊन आरपार निघून जातं, आमच्या लाल पाण्यात ते अडकतं. एवढीच गंमत. पण ही गंमत मोजून दाखवायची म्हणजे तास तास बसून दोन भांड्यांची वजनं करायची.

"नवा दिवा कधी येईल?" मी मॅडमना विचारलं.

मॅडम हदगावकडच्या. रागात असल्या की अगदी पुस्तकी बोलायच्या आणि खुशीत आल्या की त्यांचं हदगाव बाहेर पडायचं. त्यामुळे त्या तोंड उघडेपर्यंत राग की खुशी ते कळायचं नाही, पण पहिल्या शब्दाला कळून जायचं.

"दिवा यायला दिवाळी उजाडते का काय की," त्या म्हणाल्या, आणि मी समजले की आज खुशीत आहेत. "अगं, लातूरला राहून, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तू दिवा शोधून राहिलीस? जरा वर बघ की बाई."

अशी मी लाल पाण्याची बाटली चांदीच्या कागदात आणि टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन लातूरच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी लोह्यापर्यंत धीर धरला, मग विचारलं, "औषध हाय का?"

"नाही, सोन्याचं पाणी आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, पिशवी आपल्या जवळ ओढली आणि पुढे अहमदपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

घरी आम्ही तिघं. माझे यजमान औशाला बँकेत आहेत, सकाळी जातात आणि दिवेलागणीला येतात. आणि सासूबाई. सासूबाई रेणापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. आवाज खणखणीत, हात चालता. पण सासरे गेल्यापासून त्या खोलीत बसून असायच्या. माझ्याशी भांडण नव्हतं, प्रेमही फार नव्हतं. "आलीस का", "जेवलीस का", "भाजीत मीठ कमी हाय" यावर आमचं बोलणं संपायचं. त्या आणि सासरे थंडीच्या दिवसांत स्लॅबवर जाऊन ऊन खात बसायचे, हरभरा सोलत. सासरे गेल्यावर त्या एकदाही वर आल्या नव्हत्या. वाळवणं बंद झाली होती. पापड-कुरडया आम्ही बाजारातून आणत होतो.

मी स्लॅबवर पसारा मांडला. थर्माकोलचा जाड तुकडा, त्यावर काचेच्या दोन सारख्या ताटल्या. एकीत लाल पाणी, दुसरीत साधं. तशीच आणखी एक जोडी जिन्याच्या छपराखाली, सावलीत. उजेडाचा परिणाम दाखवायचा तर उजेड नसताना काय होतं तेही दाखवावं लागतं. दर तासाला चारही ताटल्या आत नेऊन वजन करायचं. वजनाला गल्लीतल्या सराफांनी त्यांचा जुना काटा दिला. कशासाठी हवा हे सांगितल्यावर त्यांनी बाटली उजेडाला धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "किती कॅरेटचं?"

माझा पसारा मांडून झाला त्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई वर आल्या होत्या. धाप लागली होती, तरी कमरेवर हात ठेवून त्यांनी स्लॅबवरून नजर फिरवली.

"सगळा स्लॅब तूच घेतलास तर मी कुरडया कुठं घालू?"

माझे यजमान नेमके माझ्यासाठी सावलीची छत्री बांधायला वर आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कुरडयांचं नाव घरात कितीतरी दिवसांनी निघालं होतं.

"आई, अर्धा तुम्ही घ्या," मी घाईघाईनं म्हणाले.

"उगवतीकडचा का मावळतीकडचा?"

"तुम्ही म्हणाल तो."

त्यांनी मावळतीकडचा घेतला. दुसऱ्याच दिवशी गहू भिजत पडले.

गहू भिजेपर्यंतचे माझे दिवस सुरेख गेले. ऊन असं पडायचं की स्लॅबवर चप्पल काढायची सोय नाही. सावलीतल्या दोन्ही ताटल्या बरोबरीनं हलक्या होत होत्या, जणू जुळ्या बहिणी. उन्हातली लाल ताटली मात्र साध्या ताटलीच्या पुढं पळत होती. जे मॅडम वर्षभर फळ्यावर काढून दाखवत होत्या, ते माझ्या घरावर घडत होतं. सासूबाईंनी ही बातमी गल्लीत दिली आणि चार-पाच जणी सोन्याचं पाणी बघायला वर आल्या. लाल पाणी बघून त्यांचा हिरमोड झाला. एकजण म्हणाली, "असलं सरबत तर आमच्या लग्नात बी होतं." सासूबाईंनी तिला लगेच सुनावलं, "ते पिऊन तू बसली असशील, हे उन्हात ठेवून मोजावं लागतं." मला हसू आवरेना. माझी बाजू घेऊन त्या पहिल्यांदा कुणाशी तरी बोलल्या होत्या.

मग कुरडयांचा दिवस आला. पहाटेपासून चीक शिजत होता, घरभर त्याचा वास. त्याच जणी आल्या, सोरे फिरले, आणि मावळतीकडचा अर्धा स्लॅब पांढऱ्या चक्रांनी भरून गेला. सासूबाई जिन्याच्या दाराशी सावलीत पाट टाकून बसल्या, हातात लांब काठी. साळुंक्या आणि चिमण्या कुरडयांवर उतरल्या की "हाट! हाट!" करून काठी आपटायच्या.

त्याच संध्याकाळी माझे आकडे बिघडले.

लाल ताटली नेहमीसारखीच हलकी झाली होती. पण साधी तिच्याहून हलकी झाली होती. मला वाटलं, मांडताना चूक झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दोन्ही ताटल्यांच्या जागा बदलल्या, तरी साधं पाणीच जिंकलं. ताटली गळते का पाहिलं, नाही. काटा बिघडला का पाहिलं, सराफांनी अंगठी ठेवून खात्री करून दिली. वारा म्हणावा तर तो दोन्हीकडे सारखाच. आणि सावलीतली जोडी? ती पहिल्यासारखीच शहाणी. म्हणजे भानगड उन्हातच होती.

मी स्लॅबवर सतत बसू शकत नव्हते. एक म्हणजे ऊन, दुसरं म्हणजे घर. तासाला वर जायचं, ताटल्या आणायच्या, वजन करायचं, परत ठेवायच्या. त्या फेऱ्यांमध्ये मला काही वावगं दिसायचं नाही.

आणि याच दिवसांत सासूबाईंचं वागणं बदललं. मी दुपारी वर गेले की त्या पाटावरून म्हणायच्या, "उन्हात लई उभी राहू नकोस." जिरं घातलेलं ताक स्टीलच्या तांब्यात भरून जिन्यात ठेवलेलं असायचं, माझ्यासाठी. एकदा तर शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "आमची पोरगी वरून कडक वाटते, पण आतून लई मऊ हाय." मला कळेना की मी असं काय केलं. प्रयोग फसत चालला होता आणि सासूबाई खूश होत होत्या. माझ्या मनाला एक वाईट शंकाही चाटून गेली की शिक्षण बारगळतंय म्हणून तर खूश नाहीत ना. तसं काही नव्हतं.

शेवटी मॅडमना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "प्रत्येक घटक पुन्हा तपासून पाहावा लागेल." पुस्तकी मराठी. मी घाबरले. पण लगेच त्या म्हणाल्या, "थांब, मीच येते. आंबे हायत ना घरी?"

मॅडम सकाळच्या गाडीनं आल्या. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून त्या माझ्या ताटल्यांशेजारी छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या त्या हलल्याच नाहीत. मीही बसले. सासूबाई पलीकडे पाटावर. तिघी बायका, कुरडया, आणि चार ताटल्या. दर तासाला आम्ही वजन करत होतो आणि प्रत्येक वेळी लाल ताटली पुढं.

"बिघाड कुठं हाय?" मॅडम म्हणाल्या. "सगळं ठीक चाललंय की."

"मॅडम, काल असं नव्हतं."

"म्हणजे मी बसले की पाणी सरळ वागतं?"

"तसंच दिसतंय."

आम्ही दोघी हसलो, पण मी कालचे आकडे पुन्हा काढून बघितले. मार्गदर्शक समोर असताना चूक दाखवता येऊ नये, यासारखी पंचाईत नाही.

सासूबाईंनी जेवायला हाक मारली. खाली गेलो. आमरस होता, कुरडया तळलेल्या होत्या. नव्या कुरडया, घरच्या. मॅडम रसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवत सासूबाईंना हदगावच्या कापसाच्या गोष्टी सांगत होत्या. आम्हाला वाढून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दमानं जेवा, मी वर बसते. पाखरं माझ्या कुरडया ठेवायची न्हाईत."

जेवण करून आम्ही वर गेलो, ताटल्या उचलल्या, वजन केलं. साध्या ताटलीचं वजन एकदम खाली आलं होतं.

मॅडमनी आकडा दोनदा वाचला. "आपण जेवलो तेवढ्यात हे कोण जेवलं?"

पाटावरून सासूबाई म्हणाल्या, "कोण म्हणजे? पाखरं."

आम्ही दोघी वळलो.

"पाखरं पाणी पितात की," त्या अगदी सहज म्हणाल्या. "कुरडयावरून हाकललं की तिकडं तुझ्या बाजूला जाऊन बसतात. आता तुम्ही खाली होता तर चार साळुंक्या आल्या. रोज येतात. एक बुलबुल तर पाय बुडवून अंगावर उडवून घेतो."

"आणि लाल पाणी?" मॅडमनी विचारलं.

"त्याला तोंड लावत न्हाईत. हुशार हायत."

"आई, तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? तूच ठेवलंस ना त्यांच्यासाठी. एकीत तुझं सोनं, एकीत पाखरांना पाणी. एवढ्या उन्हात लेकरानं पाखरांचा इचार केला म्हणून मी ताक करून ठेवत होते."

मॅडम छत्रीचा दांडा धरून हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या. मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. कारण सासूबाई हसत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हणजे पाखरांसाठी नव्हतं?"

'होतं' म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण मॅडम समोर होत्या, आणि तसं नसतं तरी मला ते जमलं नसतं.

"नव्हतं, आई. ते साधं पाणी तुलनेसाठी ठेवलेलं. ते नसेल तर सोन्यामुळं काय फरक पडतो ते कळणार कसं?"

"बरं," त्या म्हणाल्या. काठी भिंतीला टेकवली आणि खाली निघून गेल्या.

मॅडमचं हसू थांबलं. "वाईट वाटलं का गं त्यांना?"

मी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. राखणदार नसल्यामुळं साळुंक्या खुशाल कुरडयांवर उतरल्या. मॅडमनीच उठून "हाट! हाट!" केलं. पाखरं उडाली, माझ्या ताटल्यांच्या कडेला बसली, आणि आमच्या डोळ्यांदेखत एकीनं मान खाली घालून, मान वर करून, साधं पाणी पिऊन दाखवलं. इतक्या दिवसांचं कोडं तिनं एका घोटात सोडवलं. म्हणजे सासूबाईंची काठी पाखरं माझ्याकडे पाठवत होती आणि मी त्यांना पाणी पाजत होते. आम्ही दोघींनी मिळून, न ठरवता, माझा प्रयोग बुडवला होता.

जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई वर आल्या त्या दोन्ही हातांनी एक जुनी मातीची परात सांभाळत. पाण्यानं काठोकाठ भरलेली. मी धावत जाऊन एक बाजू धरली. ती परात त्यांनी स्लॅबच्या बरोबर मधोमध ठेवली, ना त्यांच्या बाजूला, ना माझ्या.

"ही पाखरांची," त्या म्हणाल्या. "आता तुझं तू खुशाल मोज."

"आई, राग आला का?"

"राग कामून येईल? तुझं काम तू केलंस. माझं मी समजून घेतलं." मग भिंतीची काठी उचलून, "पण ताक मी देणार. आता सवय लागली."

मॅडमनी जाता जाता एक काम सांगितलं. दोन्ही ताटल्यांवर सारखी जाळी. एकीवर घातली आणि दुसरीवर नाही, असं चालणार नाही, कारण जाळीनं थोडं ऊन आणि वारा अडतोच. दोन्हींचं सारखं अडलं पाहिजे. यजमानांनी खिडकीच्या जाळीचा उरलेला तुकडा कापून दोन टोप्या करून दिल्या. आधीचे बिघडलेले सगळे दिवस मी बाजूला टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

सासूबाईंच्या कुरडया वाळून डब्यात गेल्या, तरी त्या वर यायच्या थांबल्या नाहीत. कुरडया झाल्या, मग पापड काढले. पापड झाले, मग सांडगे. मला वाटतं शेवटी शेवटी वाळवण हे निमित्त राहिलं होतं. पाटावर बसून त्या विचारायच्या, "आज कोण पुढं?" मी सांगायचे, "लाल." त्या मान हलवायच्या, जणू घरचाच बैल शर्यतीत पुढं आहे. एका दुपारी ढग आला आणि लाल ताटली मंदावली. असं होणार हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं होतं. "ऊन गेलं की तुझं सोनं बी साधं पाणी," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला मोकळ्या मनानं कबूल करावंसं वाटलं की माझा सगळा विषय त्यांना कळला होता. सासऱ्यांबद्दलही त्या बोलायला लागल्या. हरभरा सोलताना ते अर्धा खायचे, असं. हसत हसत बोलायच्या.

आकडे शेवटी नीट जमले. उन्हात सोन्याचं पाणी लवकर उडतं, सावलीत काही फरक नाही, ढग आला की फरक कमी. दिवाळीनंतर नवा दिवा आला, तेव्हा प्रयोगशाळेतही तसंच निघालं.

तोंडी परीक्षेला सासूबाई नांदेडला आल्या. ठेवणीतलं लुगडं, पायात नवी चप्पल. सभागृहात मागच्या रांगेत न बसता त्या सरळ दुसऱ्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेले परीक्षक गंभीर चेहऱ्याचे होते. पडद्यावर स्लॅबचा फोटो आला तसा त्यांनी चष्मा सरळ केला.

"या जाळ्या कशासाठी?"

मी सांगितलं. साळुंक्या, काठी, सगळं. सभागृहात हशा पिकला.

"आणि फोटोच्या कडेला हे पांढरं काय आहे? उपकरण?"

"नाही सर. पापड."

तेही हसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. हा परिणाम निव्वळ उष्णतेचा, की उजेड स्वतः पाण्याच्या कणांना सुटायला आणखी काही मदत करतो? मॅडमनी मला या प्रश्नाची भीती घालून ठेवली होती. मी म्हणाले, "बहुतेक भाग उष्णतेचा आहे, एवढं माझे आकडे सांगतात. उरलेल्याबद्दल सांगण्याइतकं नेमकं माझ्या स्लॅबवर मोजता आलं नाही." परीक्षकांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. थोड्या वेळानं टाळ्या वाजल्या. सासूबाईंना टाळ्या कशाच्या ते कळायच्या आत मॅडमनी त्यांना मिठी मारली होती.

परतीच्या बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी मागं वळून माझ्या हातातल्या गुच्छाबद्दल विचारलं. सासूबाईंनी सांगून टाकलं, "सून डॉक्टर झाली आज."

त्या बाईंनी लगेच मनगट पुढं केलं. "बगा हो जरा, सकाळपास्नं डोकं गरगरून राहिलंय."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "माणसाची न्हाई ओ. पाण्याची डॉक्टर हाय."

त्या बाईंनी हात मागं घेतला, क्षणभर विचार केला आणि सीटवर पुरत्या वळून बसल्या. "मग आमच्या बोअरचं पाणी खारट कामून लागतं, ते सांगा."

चाकूर येईपर्यंत मी सांगत होते. मधे कुठं माझं बोलणं पुस्तकी झालं की सासूबाई ते सोपं करून पुढं पोचवत होत्या.